डाव्या कानाचं विमान

जुळ्या भावांतल्या थोरल्याच्या डोक्याची उजवी बाजू कापून झाली आणि नेमकं तेव्हाच विमान थांबलं.

थांबलं म्हणजे एकदम नाही. आधी त्याची घुर्रघुर्र बारीक झाली, मग ते जिना चढून दमलेल्या माणसासारखं रखडायला लागलं आणि मनोऱ्याच्या मागे जे गेलं ते बाहेर आलंच नाही. थोरल्याने वाट पाहिली. भिंगरीच्या बाबांनी कात्री हवेत धरून वाट पाहिली. बाकावर बसलेल्या भिंगरीने तर श्वासच रोखला. आणि मग थोरल्याने जो काही सूर लावला! समोरचा दुकानदार आग लागली असं समजून बाहेर धावला. फळीवरून उडी मारून, पांढरा कपडा गळ्यात तसाच फडफडत, पोरगं थेट रस्त्यावर. मागून त्याची आई. तिच्या मागून त्याचा जुळा भाऊ, धाकटा, पोट धरधरून हसत.

तर असं ते अर्धं डोकं सगळ्या गल्लीने पाहिलं.

भिंगरीच्या बाबांचं सलून म्हणजे एक खोली, एक आरसा, एक फिरती खुर्ची आणि मागच्या भिंतीला लागून एक बाक. लहान मुलं आली की खुर्चीच्या दोन हातांवर फळी टाकायची आणि त्यावर पोराला बसवायचं. एवढं सगळीकडेच असतं. पण बाकाच्या वरच्या बाजूला, मागच्या भिंतीवरच्या फडताळात, एक खेळणं होतं. विमानतळावर असतो तसा पत्र्याचा मनोरा, त्याला एक लांब दांडी आणि दांडीच्या टोकाला पिवळं विमान. बटण दाबलं की ते मनोऱ्याभोवती घिरट्या घालायचं. पोरांना ते समोरच्या आरशात दिसायचं, त्यामुळे मान आपोआप ताठ राहायची आणि डोळे विमानावर चिकटायचे. विमान डावीकडून यायचं, उजवीकडे जायचं, मनोऱ्यामागे लपायचं. ते लपलं की पोरगं तिकडेच बघत पुतळा. आता येईल, आता येईल! तेवढ्यात बाबांची कात्री कचकच करून काम उरकायची. इतक्या वर्षांत बाबांचे हात त्या विमानाच्या तालावरच पडायला लागले होते. वेगळं मोजायची गरजच नव्हती.

आणि काय सांगायचं, मोठ्या माणसांचे केस कापताना बाबा म्हणजे अगदी मुखदुर्बळ. "बारीक?" आणि "पाणी मारू?" यापलीकडे शब्द नाही. पण फळी टाकली रे टाकली की त्यांच्या अंगात वारं शिरायचं. "प्रवाशांनी पट्टे बांधावेत! कानाजवळून ढग जाणार आहेत, हलू नये!" मग काय, फळीवरचं पोर खूश, बाकावरचे लोक खूश आणि सगळ्यात जास्त खूश बाबा. भिंगरीला शनिवारचं सलून आवडायचं ते या बाबांसाठी.

त्या दिवशी मात्र थोरल्याची आई गळ्यातला कपडा परत करायला आली, "अहो, होतं असं, मी त्याला पुढच्या शनिवारी आणते" म्हणाली, तरी बाबा मान वर करेनात. त्यांनी विमान काढून बाकावर ठेवलं. खणातले सेल घालून पाहिले. त्या खणात सेलांचा वृद्धाश्रमच होता, कारण 'अजून थोडा जीव आहे' असं म्हणून बाबा एकही सेल टाकायचे नाहीत. त्यातल्या एकानेही विमान हललं नाही.

"बस झालं," बाबा म्हणाले. "नवे सेल आणतो, शनिवारी त्या पोराचं उरलेलं डोकं करून देतो. त्यात पुन्हा थांबलं ना, तर फळी माळ्यावर आणि लहान मुलांचे केस कायमचे बंद. जायचं तिथे जा म्हणावं."

"कायमचे?" भिंगरी ताडकन उठली. "बाबा, असं कसं?"

"असंच. लोकांच्या पोरांची शोभा करायला बसलोय का मी इथे?"

बाबा रागावले असते तर भिंगरीने वाद घातला असता. पण ते रागावलेले नव्हते. ते ओशाळले होते. फळीवरचे केस फडक्याने झटकताना त्यांनी ती अगदी हळू, निरोप द्यावा तशी पुसली.

"सेल नकोतच," ती म्हणाली. "आपण ते भिंतीच्या विजेवर चालवू. मी करते."

आता भिंगरीबद्दल सांगायचं तर सहामाहीपर्यंत ही मुलगी वर्गात शेवटच्या बाकावर तोंडात बोट घालून बसणारी. मग एकदा प्रयोगशाळेत सगळ्या वर्गाचे दिवे रुसले असताना हिचा एकटीचा दिवा पेटला. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "शाब्बास! इकडे या रे, हिच्या जोडण्या बघा." झालं! त्या दिवसापासून भिंगरीबाईंचे पाय जमिनीला लागले नव्हते. घरातली घंटा, टॉर्च, आईच्या शिवणयंत्राचा दिवा, सगळं तिने एकेकदा उघडून पाहिलं होतं. त्यातलं बरंचसं पुन्हा बंदही झालं होतं.

"भिंतीच्या विजेवर?" बाबांनी डोळे मोठे केले. "विमानाचा धूर निघेल!"

"तशीच सोडली तर निघेल. मध्ये अडॅप्टर लावायचा. तो विजेला माणसाळवतो."

"आणि लाइट गेली तर?"

"तर तुम्हाला पोराचं डोकं तरी दिसणार आहे का? तसंही थांबावंच लागेल."

बाबांनी मनोऱ्यावरचे केस फुंकले. "बघ बाई," एवढंच म्हणून त्यांनी मनोरा तिच्या हातात दिला. "पण शनिवारच्या आत."

घरी आई शिवणयंत्रावर बसली होती. तिने विमानाकडे पाहिलं, मग लेकीकडे पाहिलं.

"आता याची वाट लावणार का?"

"वाट नाही गं, सुधारणा! आपल्याकडे जुने चार्जर ठेवलेत ना, ती पिशवी कुठाय?"

प्रत्येक घरात अशी एक पिशवी असते. ज्यांची यंत्रं केव्हाच भंगारात गेली ते चार्जर आणि अडॅप्टर तिच्यात एकमेकांच्या गळ्यात गळा घालून पडलेले असतात. भिंगरीने तो गुंता जमिनीवर ओतला आणि एकेकाच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचायला सुरुवात केली.

"विमानात चार सेल. एकेक दीड व्होल्टचा. म्हणजे सहा. हा बारा व्होल्टचा, याने विमान छपराला जाऊन आदळेल. हा नऊचा, नको. हा पाचचा, यावर रांगेल बिचारं. आई! आई, सापडला! सहा! कुठला गं हा?"

"तो जुना बिनवायरचा फोन नव्हता का, तुझ्या आत्याने पाण्यात पाडलेला? त्याचा."

"आत्याचे उपकार झाले!"

"तिला नको सांगूस. फोनवरून अजून बोलत नाही ती माझ्याशी."

पुढचं काम भिंगरीने शाळेतून आल्यावर, खिडकीजवळच्या उजेडात केलं. अडॅप्टर भिंतीत नव्हताच, तो बाजूला ठेवून तिने त्याच्या वायरचं टोक कापलं, आतल्या दोन तारा सोलल्या. मनोऱ्याच्या तळाचं झाकण उघडलं. सेलांच्या घरात चार रिकामे पलंग होते आणि दोन टोकांच्या पट्ट्यांवरून एक लाल आणि एक काळी तार वर मोटारीकडे गेली होती. त्या दोन पट्ट्यांना तिने नव्या तारांचे तुकडे घट्ट पिळून बांधले, ते हलू नयेत म्हणून आईच्या रिकाम्या रिळांचे तुकडे कापून सेलांच्या जागी ठोकून बसवले आणि तारांची टोकं झाकणाला भोक पाडून बाहेर काढली.

"माझी रिळं!" आई म्हणाली.

"रिकामी होती गं."

"घरात दोन कात्र्या होत्याच, बाबांची आणि माझी. तिसरी तुझी जीभ. आता चौथी तुझ्या हातात कोणी दिली?"

भिंगरी हसली पण तिचं लक्ष तारांवर होतं. अडॅप्टरच्या दोन तारांपैकी एकीवर पांढरी रेघ होती. बाईंनी सांगितलं होतं, बहुतेक वेळा रेघेची तार धन असते. लाल तारही धन. म्हणजे रेघ लालच्या बाजूला. तिने टोकं जोडली, प्लग लावला, बटण दाबलं.

घुर्रर्रर्र!

काय विमान सुटलं म्हणता! सेलांवर कधी असं चाललं नव्हतं. एका लयीत, ऐटीत, दांडी न थरथरता. आईसुद्धा पाय थांबवून पाहत राहिली. भिंगरीने टाळी वाजवायला हात उचलले, आणि ते तसेच राहिले.

"थांब. हे उलटं फिरतंय."

"कुठे उलटं? छान फिरतंय की."

"अगं, सलूनमध्ये डावीकडून येतं आणि उजवीकडे जातं. जन्मभर बघितलंय मी. हे बघ, हे उजवीकडून येतंय. म्हणजे रेघेचं काहीतरी उलटं आहे. बाई म्हणाल्याच होत्या, बहुतेक वेळा म्हणून!"

तिने प्लग काढला, तारांची अदलाबदल केली, पुन्हा लावला. विमान डावीकडून आलं, उजवीकडे गेलं, मनोऱ्यामागे लपलं. जसंच्या तसं! स्वतःवर बेहद्द खूश होऊन भिंगरीने दोन्ही जोडांवर वेगवेगळी काळी टेप गुंडाळली. दोन वेढे पुरले असते, तिने गठ्ठाच केला.

शनिवारी शाळा सुटल्यावर ती मनोरा छातीशी धरून पळत सलूनमध्ये पोहोचली, तर थोरला आधीच फळीवर. अर्ध्या डोक्यावर दाट केस, अर्ध्यावर बारीक. तोंड फुगलेलं. बाकावर त्याची आई आणि धाकटा.

"विमान कुठंय?" थोरला म्हणाला. खालचा ओठ थरथरत होता.

"आलं, आलं! विमानाला जरा उशीर झाला, प्रवाशांची गैरसोय झाली त्याबद्दल क्षमस्व!" भिंगरी बाकावर चढली, मनोरा फडताळात ठेवला, पंख्याशेजारच्या प्लगात अडॅप्टर खुपसला आणि बटण दाबलं.

घुर्रर्रर्र!

थोरल्याचा ओठ थांबला. "ओ हो हो!" धाकटा ओरडला. बाबांनी आरशातून भिंगरीकडे पाहून भुवया उडवल्या, कंगवा उचलला आणि त्यांच्या अंगात वारं शिरलं.

"प्रवाशांनी पट्टे बांधावेत! विमान निघालं... आलं... गेलं..." कच्!

कात्री हवेत वाजली. तिथे डोकंच नव्हतं.

बाबा चपापले. त्यांनी पुन्हा ताल धरला. आलं... गेलं... या वेळी थोरल्याची मान बरोब्बर दुसरीकडे वळली आणि कंगवा त्याच्या नाकावर आपटला.

"काका!" थोरला म्हणाला.

"अरे, काय झालं हे," बाबा पुटपुटले. कपाळावर घाम. जिना चढताना आणखी एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसे त्यांचे हात पडत होते. "भिंगरे, आज काहीतरी चुकतंय. माझंच काहीतरी..."

भिंगरीने आरशात पाहिलं. विमान उजवीकडून येत होतं. डावीकडे जात होतं. आरशात!

आरशात!! तिने गर्रकन मागे वळून फडताळाकडे पाहिलं. तिथे ते डावीकडून येऊन उजवीकडे जात होतं, घरी होतं अगदी तसंच. पुन्हा आरशात पाहिलं. उलटं. अरे देवा! जन्मभर बघितलंय म्हणे! जन्मभर बघितलं ते आरशात. या खोलीत सगळे आरशाकडेच तोंड करून बसायचे, त्या फिरत्या विमानाकडे मान वळवून थेट कोणी पाहिलंच नव्हतं. सेल बदलायला बाबा बाकावर चढायचे, पण तेव्हा ते बंद असायचं. म्हणजे घरी पहिल्यांदा जोडलं होतं तेच बरोबर होतं आणि तिने शहाणपणा करून ते बिघडवलं होतं!

"बाबा, माझ्या तारा उलट्या लागल्या. दोन मिनिटं द्या, बदलते." तिने प्लगाकडे हात नेला.

"हात लावू नकोस!" बाबा दबक्या आवाजात ओरडले. "थांबलं की हा पळालाच."

थोरल्याने ते ऐकलंच होतं. तो फळीच्या कडेला सरकला. त्याची आई बाकावरून अर्धवट उठली. बाबांनी एकदा फळीकडे पाहिलं, आणि भिंगरीला कळलं की आता ती फळी मनातल्या मनात माळ्यावर चढतेय.

मग तिला काय झालं कुणास ठाऊक. हाताची मूठ तोंडापुढे धरून, नाकातून आवाज काढत ती म्हणाली, "लक्ष द्या! वारा बदलल्यामुळे आजचं विमान उलट्या मार्गाने येत आहे! वैमानिकांनी नोंद घ्यावी, विमान उजवीकडून... उजवीकडून... आलं! डावीकडे चाललं... चाललं... मनोऱ्यामागे... गेलं! आता!"

कच्!

केसांचा एक झुपका थेट थोरल्याच्या मांडीवर पडला.

"वारा कसा बदलला?" थोरल्याने विचारलं, पण मान न हलवता. डोळे विमानावर.

"वरती फार जोराचा आहे," बाबा म्हणाले. "हलू नका, ढग येतायत. बोला, मनोरा, बोला!"

"उजवीकडून... आलं! डावीकडे... गेलं! आता!"

कच्, कच्.

चारपाच फेऱ्या झाल्या तसे बाबांचे खांदे सैल पडले. आणखी काही फेऱ्यांनी भिंगरीने घोषणा थांबवली तरी कात्री चुकेना. धाकटा मात्र मूठ तोंडाशी धरून "उजवीकडून... आलं!" करत राहिला आणि त्याच्या आईने त्याला गप्प करायचा प्रयत्नही सोडून दिला.

आणि मग झाली गंमत. विमान डावीकडे जाऊन लपलं की थोरल्याची मान जरा डावीकडे वळून तशीच राहायची, आणि त्याचा डावा कान आपसूक मागे, बाबांच्या हातात यायचा. बाबा एक क्षण बघतच राहिले. मग त्यांनी वस्तरा न घेता नुसत्या कात्रीच्या टोकाने कानामागचा काठ असा काही आखला, की जणू पट्टी लावून रेघ ओढलीय.

कपडा झटकला. थोरल्याने आरशात स्वतःचं अख्खं डोकं पाहिलं. इकडून, तिकडून.

"अगंबाई," त्याची आई पुढे येऊन म्हणाली, "डावा कान किती सुबक झालाय हो! उजव्यापेक्षा छान."

भिंगरीला वाटलं, आता बोलणी बसणार. सगळ्यांसमोर! तिने आधीच सुरुवात केली, "बाबा, सॉरी, मी घरी नीट जोडलं होतं, मग आरशाच्या नादाने उलटं केलं, मी आत्ता टेप काढते, सुलटं करून..."

"गप जरा," बाबा म्हणाले. ते अजून थोरल्याच्या कानाकडेच पाहत होते. बोटाने त्यांनी तो काठ तपासला. "भिंगरे, माहितीय का तुला, डाव्या कानाला माझी नेहमी कंबर मोडते. मान उजवीकडे वळलेली, कान पुढे. मी आपला वाकून, तिरका होऊन, कसंबसं उरकतो. इतकी वर्षं वाटायचं, माझ्या हातातच खोट आहे."

"मग?"

"मग काय. विमानाची चूक होती." ते हसायला लागले. आधी नुसते खांद्यांनी, मग खदखदून. "हे सुलटंही फिरवता येतं का? म्हणजे उजव्या कानाला सुलटं, डाव्या कानाला उलटं? मध्येच? एखादं बटण बसतं का तसं?"

भिंगरी फडताळाकडे बघायला लागली. डोक्यात मात्र दोन तारा एकमेकींना ओलांडून भराभर जागा बदलत होत्या. दोन्ही एकदम बदलायला हव्यात... म्हणजे एका खटक्यात दोन जोड... बसतं! बाईंना विचारायला हवं, पण बसतं!

"बसतं," ती म्हणाली. "बसवते. पण सोमवारपर्यंत तरी थांबावं लागेल."

"सोमवार कशाला, आत्ता धाकटा बसायचाय की," बाबा म्हणाले आणि थोरल्याला उतरवून त्यांनी फळीवर एक चापट मारली. "चला, पुढचे प्रवासी!"

धाकटा टुणकन वर चढला. "माझं विमान कुठून येणार?"

"आधी डावीकडून, मग उजवीकडून," बाबा म्हणाले. "तुझ्या भावाला एकाच बाजूचं मिळालं, तुला दोन्ही."

"हे चीटिंग आहे!" थोरला ओरडला. "मला परत कापायचेत!"

"तुझ्या डोक्यावर आता काय शिल्लक आहे कापायला?" त्याची आई म्हणाली.

भिंगरी तोवर बाकावर चढून प्लग काढून, नखाने काळ्या टेपचं टोक शोधत होती. ते सापडता सापडेना. कोणी सांगितलं होतं इतके वेढे द्यायला! शेवटी अख्खा गठ्ठा दातांनी ओढून काढला, तारा मोकळ्या केल्या, अदलून जोडल्या, जोडांवर वेगवेगळी जेमतेम एकेक पट्टी लावली आणि अडॅप्टर पुन्हा भिंतीत बसवला.

"बाबा, उजवा कान झाला की हाक मारा. तोपर्यंत बटण मीच आहे."

"बटणाने कमी बोलावं," बाबा म्हणाले आणि कात्री उचलली. "प्रवाशांनी पट्टे बांधावेत!"